बावेवरची पाटी

“अहो, ‘ऐतिहासिक’मधल्या ‘स’ला पहिली वेलांटी असते!”

मी स्कूटी थांबवून ओरडले, तेव्हा तो आमच्या खारवेळीच्या वेशीखाली शिडीवर उभा होता. दातांत दोन स्क्रू, कानामागे पेन्सिल. श्रावणातली एक सर नुकतीच येऊन गेली होती आणि कमानीच्या दगडांतून अजून थेंब ठिबकत होते – नेमके त्याच्या मानेवर. त्याने वळून पाहिलं, काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि एक स्क्रू सुटून खालच्या चिखलात गडप झाला.

“दुसरी दिली तर वेस पडेल का?” उरलेला स्क्रू हातात घेत त्याने विचारलं.

“वेस नाही पडणार. माझी मुलं नापास होतील. रोज ह्याच वेशीतून शाळेत येतात.”

“किती मुलं तुमची?”

“दोनशे दहा,” मी म्हटलं.

तो शिडीवर इतक्या जोरात हसला, की मलाच शिडी धरावी लागली. मग खरंच त्याने ती पाटी उतरवली, काखेत मारली आणि खाली आला. भिजलेले केस, रंगाने माखलेली नखं, आणि डोळे… जाऊ दे. डोळ्यांबद्दल तेव्हा मी काही ठरवलं नव्हतं.

“मी प्रज्योत. रेवदंड्याला माझं दुकान आहे. दुकानांच्या पाट्या, ट्रकच्या मागचे वाघ-मोर, सगळं करतो. हे गाव म्हणजे माझं आजोळ.”

“मैत्री तांबे. हायस्कूलला इतिहास शिकवते.”

“मग मराठी कशाला तपासता?”

“चुकलेलं दिसलं की राहवत नाही.”

“बरं झालं सांगितलंत,” तो म्हणाला. “जपून राहिलं पाहिजे.”

झालं होतं असं, की आमच्या ग्रामपंचायतीने गावातल्या जुन्या जागांवर माहितीच्या पाट्या लावायचं मनावर घेतलं होतं. दिवेआगरकडे जाणाऱ्या पर्यटकांच्या गाड्या आमच्या गावातून धूळ उडवत निघून जातात; त्या घटकाभर थांबाव्यात, चार लोकांनी चहा प्यावा, ही कल्पना उपसरपंच चांगदेव पाटलांची. प्रज्योत त्यांचा सख्खा भाचा, म्हणून काम त्याच्याकडे. वेशीच्या पाटीचा मजकूर कुणीतरी मोबाइलवरून उतरवला होता. ती चूक गावभर झाल्यावर सरपंचबाईंनी मला बोलावून सांगितलं, “मॅडम, बाकीच्या पाट्यांचं तुम्हीच लिहा.”

आणि मग शाळा सुटली, की वेशीपाशी एक काळी बाइक दिसू लागली.

जागा दाखवायच्या, मापं घ्यायची, फोटो काढायचे… काम खरंच होतं हो! पण एका जागेचं माप घ्यायला दोनदा-तीनदा जावं लागतं, हे मला त्याच महिन्यात कळलं.

पहिल्यांदा आम्ही गेलो ते भातखाचराच्या बांधावरच्या गधेगळापाशी. गधेगळ म्हणजे जुन्या काळच्या दानाची शिळा. वर चंद्र-सूर्य, मध्ये अक्षरं, आणि खाली एक गाढव आणि एक बाई. प्रज्योत त्या खालच्या चित्राकडे वाकून बघत राहिला.

“हे गाढव काय करतंय?”

माझे कान गरम झाले. वर्गात मी हे फार घाईत शिकवते.

“शाप आहे तो,” मी भाताच्या रोपांकडे बघत म्हटलं. “राजाने दिलेलं दान जो कुणी मोडेल, त्याच्या घरातल्या बाईवर…”

“अच्छा.” तो चटकन सरळ झाला. आता त्याचेही कान लाल. थोड्या वेळाने म्हणाला, “म्हणजे दान मोडणार बाप्या, आणि भोगणार बाई?”

मी वळून त्याच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला वर्गातल्या एकाही मुलाने विचारला नव्हता.

“हे पाटीवर लिहायचं?” त्याने विचारलं.

“लिहायचं.”

“मग मोठ्या अक्षरांत लिहितो.”

पावसाची भुरभुर सुरू झाली. त्याने खिशातून उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगांची पुडी काढली. एका छत्रीत आम्ही दोघं, आणि छत्री माझी असल्यामुळे लहान. तो मुद्दाम खांदा बाहेर ठेवून भिजत होता. मला ते दिसत होतं. मी छत्री हळूच त्याच्याकडे कलती केली. त्याने ती परत माझ्याकडे ढकलली. शेंगा संपेपर्यंत तेच चाललं होतं.

मग खाडीच्या अलीकडे, सुरूच्या झाडांखाली, शनवार तेल्यांच्या कबरी. ह्या किनाऱ्यावरचे हे जुने ज्यू लोक. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना दिलेलं हे नाव. त्यांची नातवंडं-पतवंडं आता इस्राएलला असतात. दगडांवर एकीकडे त्यांची लिपी, एकीकडे आपली मराठी. शेवाळ इतकं, की काही वाचता येत नव्हतं.

प्रज्योत गुडघ्यांवर बसला. नारळाच्या काथ्याने, पाणी घालत, एकेक अक्षर उघडं करू लागला. मी वाचत गेले. “सा… रा… बाई…”

“साराबाई,” त्याने पुन्हा म्हटलं, जणू कुणी ओळख करून दिली होती. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, “नाव वाचलं, की माणूस जरा जवळ येऊन बसतं, नाही?”

समुद्रावरून वारा आला. माझ्या ओढणीचं टोक त्याच्या ओल्या हाताला चिकटलं. त्याने ते सोडवलं, पण सावकाश. दगडावरचं शेवाळ काढायला त्याला एवढा वेळ लागला नव्हता.

त्या रात्री मी प्रज्ञाला, माझ्या मैत्रिणीला, फोन करून म्हटलं, “काही नाही गं, सहजच केला.” ती म्हणाली, “नाव काय त्याचं?”

सगळ्यात शेवटी बावेची पाटी राहिली.

आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. पाटील आळीच्या तोंडाशी चिऱ्यांनी बांधलेली ती मोठी बाव, आत उतरायला पायऱ्या, मे महिन्यातही पाणी हटत नाही. ह्या बावेचा मजकूर मला कुठे शोधावा लागला नाही. तो मी लहानपणापासून ऐकत आले होते.

माझी पणजी कमळाबाई. महाडला चवदार तळ्याचं पाणी लोकांनी ओंजळीत घेतलं, ती बातमी तिचा नवरा भागोजी पायी चालून गावात घेऊन आला. पुढच्या उन्हाळ्यात, आमच्या वाडीचं डबकं आटल्यावर, कमळाबाई घागर घेऊन ह्या बावेवर गेली. तिच्यामागे वाडीतल्या आणखी चौघी. ती पायऱ्या उतरली, घागर भरली, ओंजळभर पाणी प्याली आणि वर आली. वरून दगड आला. घागर फुटली, कपाळ फुटलं. दुसऱ्या दिवशी कपाळाला फडकं बांधून ती परत गेली. तिसऱ्या दिवशी वाडीतली चाळीस माणसं तिच्यासोबत गेली.

हे सगळं मी साध्या सात ओळींत लिहिलं. पाच बायकांची नावं लिहिली. दगड मारणाऱ्याचं नाव लिहिलं नाही. ते मला ठाऊक नव्हतं. माझे आजोबा, कमळाबाईचे धाकटे चिरंजीव रत्नपाल, यांना मी विचारलं होतं. त्यांनी नुसता हात हलवला होता.

कागद प्रज्योतच्या हातात दिला, तेव्हा त्याने तो उभ्या उभ्याच वाचला. दोनदा वाचला.

“तुझी पणजी?” तो म्हणाला. ‘तुम्ही’चं ‘तू’ झालेलं त्याच्या लक्षातही आलं नाही.

“हो.”

“ही पाटी मी मशीनवर नाही करणार. दगडावर हाताने कोरतो.”

मी मान हलवली.

चार दिवसांनी तो शाळेच्या फाटकाशी आला. बाइक नव्हती, रेवदंड्याहून रिक्षाने आला होता. चेहरा उतरलेला. मुलं आजूबाजूला ओरडत घरी पळत होती.

“काय झालं?”

“मी आईला तो कागद वाचून दाखवला. ती ऐकता ऐकता उठून आत गेली. मग संध्याकाळी तिने सांगितलं… तो दगड येसाजी पाटलाने मारला होता. आईचा आजा. म्हणजे… माझा.”

कुठलंतरी पोर सायकलची घंटी वाजवत आमच्या मधून गेलं.

“मना माहीत नव्हता, मैत्री,” तो म्हणाला. घरची बोली त्याच्या तोंडी मी पहिल्यांदा ऐकली. “आमच्यात कुणी बोलत नाय त्यावर. पण मला कळल्यावर तुला न सांगता ती पाटी कोरणं… ते जमलं नसतं.”

राग आला का? त्याच्यावर नाही. पण त्याच्या हातांकडे बघवेना. ज्या हातांनी साराबाईचं नाव धुतलं होतं, त्याच हातांकडे. मी स्कूटी काढली आणि निघून गेले.

पुढचे कितीतरी दिवस मी त्याचा फोन घेतला नाही. तोही एकदाच करायचा, दिवसाकाठी एकच. वाजून वाजून थांबायचा. गणपती आले, गेले. शाळेत मी चिडचिड करू लागले. एका मुलीने विचारलं, “मॅडम, तुम्हाला बरं नाही का?” मी म्हटलं, “बरंय गं.” आणि फळ्यावर तारीख चुकीची लिहिली.

दोन ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पाट्यांचे मजकूर वाचायचे होते. समाजमंदिर भरलं होतं. वेस, गधेगळ, कबरी, सगळं टाळ्यांत मंजूर झालं. मी बावेचा कागद वाचला आणि टाळ्या काही वाजल्या नाहीत.

चांगदेवमामा उठले. वाईट माणूस नाही हो. वादळात आमच्या वाडीतले पत्रे उडाले, तेव्हा पहिला ट्रक त्यांचाच आला होता.

“बाय, लिवलंस छान,” ते म्हणाले. “पन मेलेल्या मान्सांना कशाला उठवतेस? येनारे-जानारे वाचतील, म्हनतील ह्या गावानं बायांची डोकी फोडली. त्यापेक्षा लिव, ‘ही बाव पुढे सर्वांसाठी खुली झाली.’ बस. त्यात खोटं काय हाय?”

“आपोआप खुली झाली का, दादा?” मी विचारलं. “तिला काय दार होतं, वाऱ्याने उघडायला?”

मागे बायकांत खसखस पिकली. मामांचा चेहरा तांबडा झाला. “माझी हरकत हाय. कमळाबाईचं नाव घाला, मी न्हाय म्हनत न्हाय. दगडाची ओळ काढा.”

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. प्रज्योत. किती वेळ तिथे उभा होता, कोण जाणे.

“मला बोलायचंय.”

“तू पाटी बनवनारा,” मामा म्हणाले. “तुला काम हाय, मत न्हाय.”

“पाटी बनवणारा म्हणूनच बोलतो, मामा. ह्या मजकुरात बाईंनी आपल्यातल्या कुणाचंच नाव घेतलेलं नाही. दगड कुणाचा, ते लिहिलेलं नाही. मी सांगतो. येसाजी पाटलाचा. तुमचा आजा, माझ्या आईचा आजा. ती ओळ काढली, तर कमळाबाई नुसती पाणी भरायला गेली होती असं होईल. रोज कुणीही जातं पाण्याला. ती दगड खाऊन दुसऱ्या दिवशी परत गेली, म्हणून तर पाटी लावायची! ओळ राहू दे. आणि पाहिजे तर येसाजीचं नावही कोरतो मी. माझ्या हाताने.”

मामा भाच्याकडे बघत होते, जणू त्याने भर सभेत त्यांचा सदरा फाडला होता.

मग पुढच्या रांगेतून काठी टेकत माझे आजोबा उठले.

“नाव नगं,” ते म्हणाले. आजोबा सभेत कधी बोलत नाहीत. सगळ्यांनी माना वळवल्या. “माझ्या आयशीच्या कपाळावर खोक व्हती. आमी पोरं इचारायचो, आये, कुनी मारलं? ती म्हनायची, पानी लई गोड व्हतं. बस, येवढंच. येसाजीचं नाव तिनं कधी तोंडात घेतलं न्हाय. मग तिच्या पाटीवर त्याला जागा कशाला द्यायची?” ते थांबले, दम घेतला. “पन खोक व्हती. ती व्हती म्हंजे व्हती. ती पुसायची न्हाय.”

सरपंचबाईंनी हात वर करायला सांगितलं. पाटील आळीतल्या बायकांचे हात आधी वर गेले, मग एकेक करून बाप्यांचे. मामांनी हात वर केला नाही. विरोधातही केला नाही. चपला पायात सरकवून ते बाहेर पडले, आणि जाताना प्रज्योतच्या बाजूने न बघता गेले.

सभेनंतर मी खारबांधावर जाऊन उभी राहिले. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेला तो लांबलचक मातीचा बांध; एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला पिवळं होत चाललेलं भात. ऊन होतं आणि उन्हातच बारीक पाऊस. मागे पावलं वाजली. वळून बघायची गरज नव्हती.

“मामा बोलत नाहीत आता,” तो म्हणाला. “बाहेर गाठलं, तर घरी येऊ नको म्हणाले.”

“वाईट वाटतंय?”

“हो. लहानपणी पोहायला त्यांनीच शिकवलं. तरी पुन्हा बोलायला लागलं, तर हेच बोलेन.”

माझ्या मनात जे इतके दिवस रुतून बसलं होतं, ते मी काढलं. “प्रज्योत, एक विचारते. खरं सांग. हे सगळं तू… पणजोबाचं फेडायला म्हणून करतोयस का? तसं असेल तर पाटी लाव आणि जा. मला कुणाचं प्रायश्चित्त व्हायचं नाहीये.”

तो एकदम चिडला. त्याला चिडलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. कान पुन्हा तसेच लाल.

“प्रायश्चित्त? अगं, त्या कबरीपाशी तू बोट ठेवून सा-रा-बाई वाचत होतीस, तेव्हाच माझं काम झालं होतं! तेव्हा मला आईच्या आज्याचं नावसुद्धा धड माहीत नव्हतं. पाटीचं मी सभेत बोललो, ते खरं होतं म्हणून बोललो. तू लग्न दुसऱ्या कुणाशी करणार असतीस, तरी बोललो असतो.” मग एकदम जीभ चावली. “म्हणजे… करणार आहेस का?”

“काय?”

“दुसऱ्या कुणाशी.”

मला हसू यायला लागलं. इतक्या दिवसांनी, असं पोटातून. “तू मला विचारलंयस कधी?”

“कसं विचारणार? बाईंना विचारायचं म्हणजे तोंडी परीक्षा.” त्याने खाडीकडे पाहिलं, पायांकडे पाहिलं, शेवटी माझ्याकडे. “मना तू आवडतेस, मैत्री. लई. बस… एवढंच येतं.”

पाऊस थांबला होता की चालू होता, मला आठवत नाही. मी त्याचा हात हातात घेतला. छिन्नीने बोटांना घट्टे पडले होते. त्याने दगड आधीच कोरायला घेतला होता, सभा काय ठरवेल याची वाट न बघता.

“तुझ्या आईला?” मी विचारलं.

“सांगितलंय. ती गप्प आहे. गप्प असली, की ती विचार करते. मला नाही घाई.”

दिवाळीनंतर पाटी बसली. काळा दगड, त्यावर सात ओळी, पाच बायकांची नावं. आमच्या वाडीतल्या म्हाताऱ्या एकेक अक्षरावरून बोट फिरवून गेल्या. एका संध्याकाळी चांगदेवमामाही तिथे उभे राहून वाचताना दिसले म्हणे. भाच्याशी ते अजून बोलत नाहीत. पण त्याचा फोन आता कापत नाहीत, वाजू देतात.

आणि त्यानंतरच्या रविवारी सकाळी आमच्या अंगणात रेवदंड्याची रिक्षा थांबली.

आधी प्रज्योत उतरला. मग त्याची आई. हिरवं लुगडं, केसांत अबोलीची वेणी, आणि दोन्ही हातांत केळीच्या पानांत गुंडाळलेलं काहीतरी हातभर लांब, जड. माझी आई पदर सावरत दाराशी आली. बाबांची ड्युटी म्हसळ्याच्या एसटीवर होती, नेमकी आजच. आजोबा ओटीवर खुर्चीत बसले होते.

त्याची आई त्यांच्यासमोर उभी राहिली. मग म्हणाली, “जय भीम, काका.”

“जय भीम, बाय. बस.”

ती बसली नाही. हातातली पानं तिने आजोबांच्या पुढ्यात सोडली. आत चकचकता, ताजा जिताडा. आमच्या किनाऱ्यावर पापलेट कुणालाही देतात, कोळंबी शेजाऱ्यांना देतात. पण एवढा थोरला जिताडा रिक्षात घालून माणूस एकाच घरी नेतो. सोयऱ्यांच्या. हे इथल्या पोरासोरांनाही ठाऊक असतं.

आजोबांनी माशाकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

“घर चुकली न्हायस ना, बाय?”

“न्हाय, काका,” ती म्हणाली. डोळे भरले होते, पण आवाज नीट होता. “इचार करून आलेय. म्हनून येळ लागला.”

आजोबांनी मान वळवली आणि मला शोधलं. मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते, पीठ लागलेल्या हातांनी. पलीकडे अंगणात प्रज्योत श्वास रोखून उभा होता, रिक्षावाला सुट्टे मागत होता तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

“मैत्री,” आजोबा म्हणाले, “ठेवू का माघारी धाडू? तू सांगशील तसं.”

कुणीतरी मला इतकं सरळ विचारावं, आणि उत्तर इतकं सोपं असावं!

“ठेवा, आजोबा.”

प्रज्योतने सोडलेला श्वास मला ओटीवर ऐकू आला. त्याची आई हसली, डोळे पुसले, आणि पदर कमरेला खोचला.

“मग विळी काढ, पोरी. आज मीच कापून दाखवते.” आणि अंगणाकडे वळून मोठ्याने म्हणाली, “ए, हिकडं ये नि नीट बघून ठेव! पुढच्या येळेपासून तू कापायचास.”